पोकळीचा तळ

“काहीतरी कुजलंय,” आई म्हणाली आणि ओठांशी नेलेला कप तिनं तसाच खाली ठेवला.

बायकोनं मान वर केली नाही. “फ्रिज पुसलाय, मोरी घासलीय, सिंकखालची नळी उघडून साफ केलीय. आता भिंती फोडायच्या तेवढ्या राहिल्यात. कुठून सुरुवात करू, तेवढं सांगा.”

“मी तुला काही बोलले का? वास येतो म्हटलं.”

“माझ्या घरात येतो म्हटलंत, आई. शेजारच्यांकडे येतो म्हणाला असतात, तर मी शांतपणे चहा प्यायले असते.”

दोघींच्या मधे बसलेला डॉक्टर ब्रेडला लोणी लावत होता. लोणी केव्हाच लावून झालं होतं. पण सुरी फिरती राहिली की बोलावं लागत नाही. वाद जुनाच होता. नवी होती ती दाराजवळ उभी असलेली आईची बॅग. दुपारी तो तिला ताईकडे पोचवणार होता, कायमचं. ताईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे पाहता ती एकदा वर चढली की पुन्हा खाली उतरणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिला जा असं कोणी म्हटलं नव्हतं; राहा असंही कोणी म्हटलं नव्हतं. “माझं डोकं फिरलंय ना,” तिनंच परस्पर जाहीर केलं होतं, “मग फिरलेलं डोकं मी लेकीकडे नेते.”

डॉक्टर कान-नाक-घशाचा सर्जन होता आणि एका वाक्याचा त्याला मनापासून वीट आला होता: ‘डॉक्टर, मला सायनस आहे.’ सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. त्या सर्वांनाच असतात; ‘मला सायनस आहे’ हे ‘मला कोपर आहे’ म्हणण्यासारखंच. डोकं दुखलं, झोप आली नाही, साहेब ओरडला, की दोष या पोकळ्यांचा. वर्षानुवर्षं तो लोकांना सांगत आला होता की तिथे काही नाही, हवा आहे. सांगून सांगून तो थकला होता, आणि थकलेला माणूस ऐकणं आधी सोडतो.

आईनं पहिल्यांदा वासाची तक्रार केली तेव्हा त्यानं तिला दोन पेशंटच्या मधल्या वेळात तपासलं होतं. दुर्बीण नाकात घातली: मधला पडदा सरळ, अस्तर गुलाबी, पू नाही. खात्रीसाठी स्कॅनही काढला. डाव्या गालाच्या पोकळीत तळाशी अस्तर जरा जाड होतं. पण तेवढं जाड अस्तर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाच्याही गालात सापडू शकतं, आणि त्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांना तो नेहमी हसत आला होता. “नाक स्वच्छ आहे,” त्यानं सांगून टाकलं, “वास मेंदूतून येतो.” शास्त्रीयदृष्ट्या हे शक्य होतं. आईनं त्याचा अर्थ ‘मी वेडी झाले’ असा घेतला, बायकोनं ‘माझं स्वयंपाकघर निर्दोष आहे’ असा. तेव्हापासून दोघींनी मिळून त्याच्या नाकी नऊ आणले होते.

दुपारी बॅगेचा पट्टा निसटला. तो आवळायला आई खाली वाकली आणि झटक्यात मान वळवून उभी राहिली.

“आला. वाकलं की येतोच मेला.”

“कोणत्या बाजूनं?”

प्रश्न त्याच्या तोंडून निव्वळ सवयीनं निघाला. परक्या पेशंटला तो हा प्रश्न खुर्चीत बसण्याआधीच विचारत असे. आईला त्यानं तो आजवर विचारला नव्हता.

“डाव्या.”

“नेहमी डाव्याच?”

“नेहमी. उजवी नाकपुडी तुझ्या बायकोच्या पक्षातली आहे. तिला या घरात सगळं छान वाटतं.”

तो मटकन बॅगेवर बसला. नसलेला वास मेंदू निर्माण करू शकतो. पण त्यासाठी तो माणसाच्या वाकण्याची वाट पाहत नाही.

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“सांगणार होते. बाहेर तुझे पेशंट खोळंबले होते.”

“पुन्हा वाक. अशीच थांब. आता वर बघ.” त्यानं आपलं नाक तिच्या नाकपुडीजवळ नेलं. परक्या माणसांच्या बाबतीत तो हे बिनदिक्कत करत असे. इथे मात्र त्याला आधी डोळे मिटावेसे वाटले. वास खरा होता. फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा असतो तसा, गोडसर आणि घाण.

इमारतीत सर्वांत खाली बायकोचा दातांचा दवाखाना होता, मधल्या मजल्यावर त्याचा आणि वर घर. त्यानं आईला लिफ्टनं मधल्या मजल्यावर नेलं. या वेळी दुर्बीण घालण्याआधी तिला बराच वेळ वाकवून ठेवलं. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर फळ्यांसारखी तीन हाडं असतात. त्यांतल्या मधल्या फळीखालून पिवळट पुवाचा एक धागा उतरत होता. गालाची पोकळी एखाद्या गवंड्यानं बांधली असती, तर त्याला कामावरून काढलं असतं: बाहेर पडायचं दार छताशी, तळाला मोरी नाही. ताठ बसलेल्या माणसाच्या पोकळीत साठलेला थोडासा पू तळाशीच राहतो. मागच्या वेळी आई अगदी ताठ बसली होती.

त्यानं जुना स्कॅन पडद्यावर लावला. त्याच्या कायमच्या सूचनेप्रमाणे तो तोंडातल्या टाळूपाशी थांबवलेला होता. टाळूच्या वरचं त्याचं, खालचं बायकोचं. लग्नानंतर एकमेकांच्या कामात लुडबुड न करण्याचं ठरलं होतं आणि ते दोघांनीही इमानानं पाळलं होतं. चित्राच्या अगदी खालच्या कडेला दाढेच्या मुळांची टोकं डोकावत होती. त्यांच्याभोवती काळं कडं होतं. त्यानं बायकोला फोन केला.

ती आली आणि उभ्या उभ्याच पडद्याकडे पाहत राहिली. “हा स्कॅन कधीचा?”

“आईनं पहिल्यांदा वासाचं सांगितलं, तेव्हाचाच.”

“आणि मला आज दाखवतोयस.”

“तुझ्या कामाचा वाटला नाही.”

“दातांची मुळं कोणाच्या कामाची असतात रे?” ती खुर्ची ओढून बसली. आवाजात राग नव्हता. तेवढी ताकद तिच्यात उरलेली दिसत नव्हती. “वरची पहिली दाढ. मुळं तुझ्या पोकळीच्या तळाला भिडलेली. मधलं हाड अंड्याच्या कवचाएवढं असतं, इथे तेही खाल्लं गेलंय. दाढ मेलीय.”

“पण दुखत नाही म्हणते.”

“कशी दुखेल? पुवाला वर जायला वाट मिळाली. कोंडला असता, तर आईंनी घर डोक्यावर घेतलं असतं.”

“मी इथेच बसलेय,” आई म्हणाली. “मेलीय ती दाढ. मी नाही.”

तळमजल्यावर बायकोनं बर्फासारखा गार बोळा एकेका दाताला लावून पाहिला. शेजारच्या दातांना लावला तेव्हा आई कळवळली; त्या दाढेला लावला तेव्हा तिनं विचारलं, “लावलास का?”

“लावला,” बायको म्हणाली. “आता काढावीच लागेल. कोणाकडून काढायची, ते तुम्ही ठरवा. ताईंच्या गल्लीतही डेंटिस्ट आहे.”

बायको हातमोज्यांच्या खोक्याकडे पाहत होती. हात मात्र तिनं अजून त्यात घातला नव्हता.

“त्याला माझा वास खरा वाटेल?” आईनं विचारलं.

“तो दाढ बघेल. वासाचं त्याला काय?”

“तूच काढ,” आई म्हणाली. आणि मग, हिशेब बाकी राहायला नको म्हणून: “तुझ्या स्वयंपाकघरात वास नव्हता.”

“नव्हता.”

“मला येत होता, हेही खरं.”

“हेही खरं,” बायको म्हणाली आणि तिनं खोक्यातून हातमोजे काढून घातले.

भूल चढली. दाढ तीन तुकड्यांत आली, आणि मागोमाग पुवाची पिचकारी. तो परिचित वास एकदाचा तिघांनाही आला. डॉक्टर बायकोच्या हाताखाली सक्शनची नळी धरून उभा होता. पोकळीत पडलेलं भोक तिनं हिरडी ओढून टाक्यांनी बंद केलं. तो तिचे हात पाहत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं तिला काम करताना प्रथमच पाहिलं होतं, आणि ते तिला सांगण्याइतकाही उत्साह त्याच्यात नव्हता.

ताईचा फोन आला तो बायकोनंच घेतला.

“नाही हो, आज नाही निघत. दाढ काढलीय, टाके आहेत. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जिने तर अजिबात चढायचे नाहीत.” ती जरा थांबली. “किती दिवस? ते जखमेवर आहे, ताई. कधी कधी महिने लागतात.”

दोन-तीन आठवडे पुरतात, हे डॉक्टरला पक्कं ठाऊक होतं. पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांची त्यानं आजवर कधी गय केली नव्हती. तोंडात बोळा धरून बसलेल्या आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि हळूच डोळे मिटले. त्यानं नळी पाण्यात धरली आणि ती स्वच्छ होईपर्यंत तो धूत राहिला.