मॉडेमचा तिसरा दिवा

महिपतच्या नीलेशला सिंगापुरात मुलगी झाली ते साल दोन हजार सात. घरातली पहिली नात. पेढे वाटून झाले, केबिन रोडवरच्या दुकानदारांना बळेबळे तोंड गोड करायला लावून झालं, आणि मग महिपतला जी धास्ती लागली ती त्याला एका जागी बसू देईना.

धास्ती शेवंतीची. त्याच्या बायकोच्या हृदयाची झडप कामातून गेली होती. ऑपरेशन तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी महिपतला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. "दिवाळीचं मी काही सांगू शकत नाही," असंही म्हणाले होते. आणि नीलेशला जहाजाच्या कारखान्यातून सुटी मिळणार होती ती दिवाळीलाच. मधल्या मध्ये काही झालं तर शेवंती नातीचं तोंड न बघता जाणार. हे महिपतच्या पोटात होतं, ओठांवर आणायची सोय नव्हती.

तोड काढली लेकीनं. समिधा मीरा रोडला दिलेली, तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातून जुना कॉम्प्युटर मिळाला होता.

"बाबा, घरच्या फोनवर ब्रॉडबँड घ्या. बारसं आई इथूनच बघेल. आणि नाव मलाच ठेवायचंय ना, आत्या मी आहे. ममतावहिनी बाळाच्या कानाजवळ स्पीकर धरतील, मी इथून सांगेन."

"फोटो येतातच की," महिपत म्हणाला.

"फोटोतलं पोर हलत नाही," शेवंती पलंगावरून म्हणाली. झालं. महिपत दुसऱ्या दिवशी सकाळीच टेलिफोन ऑफिसच्या दारात.

मॉडेम बसवायला सुभाष नावाचा माणूस आला. गळ्यात पिशवी, कानामागे पेन्सिल. त्यानं भिंतीवरची वायर सोडवली, काडेपेटीएवढा डबा मध्ये जोडला, त्यातून एक तार फोनला आणि दुसरी मॉडेमला दिली.

"काका, हा स्प्लिटर. फोनचं बोलणं आणि नेट ह्याच्यातून वेगवेगळं होतं. आता सांगा, घरात पॅरलल कुठे आहे?"

"पॅरलल कसला? एकच फोन आहे हा."

"बघा बरं. ह्या डब्याच्या आधी लाइनवर दुसरा फोन जोडलेला असला, तर तो उचलला की नेट पडलं म्हणून समजा."

"अहो, राहतो माणसं दोन. दुसरा फोन काय डोक्यावर ठेवू?"

सुभाष हसला. शेवंती हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि भिंतीकडे तोंड फिरवून पडली. महिपतला वाटलं, धाप लागली असेल.

मॉडेमवर दिवे होते. पहिला विजेचा, दुसरा लाइनचा, तिसरा इंटरनेटचा. तिसरा हिरवा झाला की समजायचं, सिंगापूर घरात आलं. महिपतनं जन्मभर भाईंदरच्या कारखान्यात स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश केलेलं. तिथली चकाकी नजरेत बसते, हाताला कळते. हा दिवा कशानं पेटतो नि कशानं विझतो ते कळायला मार्ग नव्हता. शेवंतीनं मॉडेमवर क्रोशाचं झाकण घातलं होतं, टीव्हीवर होतं तसंच. महिपत येता-जाता ते उचलून बघायचा, दूध उतू गेलं की काय बघावं तसं.

आणि दिवा विझायचा. सकाळी विझायचा, दुपारी विझायचा, तिन्हीसांजेला विझायचा. विझताना मॉडेमजवळचा फोन हळूच वाजायचा, 'टिंग'. पुरती घंटी नव्हे, चमचा पेल्याला लागावा तेवढंच. तो आवाज महिपतच्या कानाला जुनाच होता. "हा टिंग करतो तो कशानं गं?" असं त्यानं पूर्वी विचारलं होतं, तेव्हा शेवंती म्हणाली होती, "हवेनं होतं." महिपतनं मान डोलावली होती. हवेनं पत्रा वाजतो, तर फोन का वाजू नये?

आता मात्र त्याला त्या हवेचा राग येऊ लागला. त्यानं क्रोशाचं झाकण काढून टाकलं, मॉडेम फ्रिजपासून लांब ठेवला, देवाच्या फळीवर ठेवला, पुन्हा खाली आणला. खिडकी लावून घेतली. समिधानं नीलेशशी बोलून बघितलं तर पडद्यावर नीलेशचं अर्धं तोंड उघडं राहिलं आणि तसंच थिजलं. महिपतनं सुभाषला फोन केला.

"काका, ऑफिसातून लाइन स्वच्छ दिसतेय. पॅरलल असणारच."

"अरे, नाही म्हणून सांगतोय ना!"

"मग उद्या बाहेरून सगळी वायर तपासतो."

"उद्या बारसं आहे!"

"मग परवा."

महिपतनं रिसीव्हर आपटला आणि पक्कड घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. वायर बाहेरून कुठून येते ते तोच बघणार होता. मान बाहेर काढली तर त्यांच्या वायरीला मधेच दुसरी एक काळी वायर बांधलेली, आणि ती पाइपाच्या आडून शेजारच्या खिडकीत गेलेली. शेजारी म्हणजे पंढरीनाथ आणि गिरिजा, बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासूनचे.

"चोरी!" महिपत ओरडला. "शेवंते, हे बघ, पंढरीनाथनं आपल्या लाइनीत..."

"हळू बोला," शेवंती म्हणाली. "ती मी जोडून घेतलीय."

महिपत पक्कड हातात धरून पलंगाच्या कडेला टेकला. शेवंतीनं धाप सांभाळत सांगितलं. पंढरीनाथनं मुलाला, चंदनला, भांडून घराबाहेर काढलं होतं ते महिपतला ठाऊक होतं. "ह्या घरात त्याचं नाव निघता कामा नये," म्हणून पंढरीनाथनं घरचा फोनही कापून टाकला होता. मग चंदननं एकदा महिपतच्या नंबरवर फोन केला. शेवंती गिरिजाला बोलवायला निघाली, पण दारापर्यंत पोचायलाच तिला दम लागला. गिरिजा धावत आली तोवर फोन ठेवला गेला होता.

"त्या दिवशी ती इथे, ह्या फरशीवर बसून रडली. म्हणून मग जुन्या लाइनमनला सांगून वायर ओढून घेतली. फोन तिच्या पिठाच्या डब्यात असतो, घंटीही पिठात दबते. पंढरीभावजींना कळायला नको म्हणून. माझ्याकडून शपथ घेतलीय तिनं."

"आणि टिंग?"

"ती मधून मधून उचलून बघते. लाइन चालू आहे ना, आवाज येतो ना. एवढंच."

महिपतनं मॉडेमकडे पाहिलं. स्वतः दिवसातून किती वेळा झाकण उचलून दिवा बघितला ते त्याला आठवलं, तरी राग जाईना. "तुझ्या जिवाची... नातीची गोष्ट आहे, आणि तू गप्प बसलीस? आत्ता तोडतो ती."

"तोडलीत तर मी उद्या त्या पडद्यासमोर बसणार नाही. सांगून ठेवते."

शेवंती अशी बोलली की ब्रह्मदेव आला तरी फरक पडत नसे, हे महिपतला संसारानं शिकवलं होतं. त्यानं पक्कड खाली ठेवली. शेवटी असं ठरलं, की गिरिजालाच बारशाला बोलवायचं. ती इथे बसली म्हणजे तिथे फोन उचलणार कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरिजा खणाचं कापड घेऊन आली. "हे येत नाहीत म्हणाले. बायकांचं काम आहे, तू जा म्हणाले." तिनं फोनकडे एकदा पाहिलं आणि शेवंतीचा हात हातात घेऊन बसली. महिपत मात्र उभाच. त्याची नजर तिसऱ्या दिव्यावर. दिवा हिरवा होता.

समिधानं बटण दाबलं. पडदा निळा झाला, काळा झाला, आणि त्यात नीलेश आला. मागे फुलांचा पाळणा.

"आई! दिसतंय का गं?"

"दिसतोयस. केवढा वाळलायस!"

"पाच किलो वाढलोय मी आई!"

ममता पाळण्याजवळ वाकली. बाळाला उचलणार, इतक्यात... टिंग.

चित्र थांबलं. ममताचे हात पाळण्यात, नीलेशचं तोंड उघडं. तिसरा दिवा विझला.

शेवंतीनं गिरिजाकडे पाहिलं. गिरिजानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात तिथेच होते.

"मी नाही हो वहिनी," ती म्हणाली. "मी तर इथे आहे."

"मग तुमच्या घरात कोण आहे?" समिधानं विचारलं. घरात एकच माणूस होता.

महिपत चपला न घालताच निघाला. शेजारचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात पंढरीनाथ ओट्याशी उभा होता. पिठाच्या डब्याचं झाकण बाजूला, रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले. देवळात घंटा ऐकत उभा राहावा तसा. महिपतला बघून तो दचकला, पण रिसीव्हर लपवायची त्याला शुद्ध राहिली नाही.

"लाइन चालू आहे का बघत होतो," तो म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ही गावाला गेली होती तेव्हा भाकरी करायला म्हणून डब्यात हात घातला. पिठाऐवजी वायर हाताला लागली. न कळायला मी काय आंधळा आहे, महिपतराव?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर घाबरून तिनं काढून टाकला असता. मग वाजला असता कुठे?"

पंढरीनाथ खालच्या आवाजात पुढे म्हणाला, "घराबाहेर मी काढला त्याला. मी कुठल्या तोंडानं फोन करू? नंबरही नाही माझ्याजवळ. त्याचा आला तर... म्हणून ही देवळात गेली की बघतो."

"पंढरीनाथ," महिपत म्हणाला, "आमची पोर तिकडे पाळण्यात अडकलीय. ठेवा तो आणि चला. घंटी वाजली तर आमच्याकडेही वाजते."

पंढरीनाथनं रिसीव्हर जपून ठेवला. झाकण लावायला गेला, आणि न लावताच निघाला.

दोघं आत आले तेव्हा गिरिजानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कानाला, गालाला पांढरं पीठ लागलेलं. ती उठली आणि पदरानं त्याचा कान पुसला. "पीठ लागलंय," एवढंच म्हणाली. "असू दे," पंढरीनाथ म्हणाला, आणि खुर्ची सोडून खाली फरशीवर बसला.

दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि हिरवा झाला.

"काय झालं होतं बाबा?" नीलेश विचारत होता.

"हवेनं होतं," महिपत म्हणाला. शेवंती हसली, हसताना खोकली.

ममतानं स्पीकर बाळाच्या कानाशी धरला. समिधा माइकवर वाकून पुटपुटली, "कुर्रर्र... मिनल, मिनल," आणि रिवाजाप्रमाणे गिरिजानं तिच्या पाठीत धपाटे घातले.

"काकू, हळू! खरंच मारताय!"

"आत्या झालीस तर सोस."

शेवंतीनंही उठून एक धपाटा घातला. त्यात जोर नव्हता, पण समिधा 'आई गं' म्हणून ओरडली. पडद्यावर पोरीनं जांभई दिली, मूठ उघडली, मिटली. शेवंतीनं पडद्याच्या काचेला बोट लावलं. "हलली," ती म्हणाली. "बघा ना, हलली."

चित्र शेवटपर्यंत टिकलं. नंतर शेवंतीनं विचारलं, "कुणावर गेलीय हो?" तेव्हा महिपतला सांगता येईना. सगळा वेळ तो तिसऱ्या दिव्याकडेच बघत उभा होता. पोरीचं तोंड त्यानं पाहिलंच नव्हतं. "तुझ्यावर," तो म्हणाला.

कबूल केल्याप्रमाणे सुभाष बारशाच्या दुसऱ्या दिवशी आला. महिपतनं त्याला वायर दाखवली आणि चहा समोर ठेवला. शेजारच्या नावावर रीतसर नवी लाइन यायला वेळ होता. तोवर सुभाषनं कुरकुरत ती काळी वायर स्प्लिटरच्या पलीकडे, फोनच्या बाजूला जोडून दिली. मग कुणी कितीही वेळा फोन उचलला तरी दिवा विझायचा बंद झाला. गिरिजाच्या घरात फोन डब्यातून निघून फळीवर आला. टिंग मात्र चालूच राहिलं, पूर्वीपेक्षा जास्तच, कारण आता दोघंही एकमेकांदेखत उचलून बघत.

चंदनचा फोन पुढच्या होळीला आला. पंढरीनाथनं उचलला. दोघंही एकदमच बोलू लागले, असं गिरिजा सांगते. तिला ते सगळ्यात आधी शेजारी जाऊन सांगायचं होतं. पण शेवंती तेव्हा नव्हती. ती दोन हजार सातच्या वसुबारसेला, संध्याकाळी, नीलेश मुलीला घेऊन विमानात बसला असताना वारली.