दारातली काचेची फुलं

दार बुजवायचं ठरलं ते एका ओल्या चादरीवरून. धाकटीने वाळत घातलेली चादर थोरलीने न विचारता तारेवरून सरकवली, ती चिखलात पडली, आणि दोघी जावांचं जे वाजलं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. घराच्या दोन भागांमध्ये ते एकच दार. "हे बुजवून टाका," थोरली नवऱ्याला म्हणाली. धाकटी तरी कुठली ऐकायला? "आजच बुजवा!" ती पलीकडून ओरडली.

विटा रचल्या असत्या तर मधल्या खोल्यांत दिवसाही चाचपडावं लागलं असतं. म्हणून भावांनी रंगीत काचकाम करणाऱ्या बाईला बोलावलं. चौकटीत कायमची काच बसवायची, निळ्यावर लाल फुलं, आरपार काही दिसायला नको.

"चांगली बाजू माझ्याकडे हवी," थोरलीने बजावलं. धाकटीनेही तेच बजावलं होतं.

"काचेला पाठ नसते, बाई," काचवाली माप घेत हसली. "दोन्हीकडे तोंडच."

काच बसली. दिवेलागणीला थोरलीने हौसेने दिवा लावला, दारासमोर खुर्ची ओढली, आणि बघते तर फुलं काळी ठिक्कर! रोज तेच. काचवालीने आपल्याला फसवलं आणि चांगली बाजू धाकटीला दिली, याबद्दल तिची खात्रीच पटली. पण खरं दुःख फुलांचं नव्हतं. सहा आठवडे तिला बोलायला माणूस नव्हतं. नवऱ्याशी काय बोलणार? तो 'हूं' म्हणतो आणि वर्तमानपत्राचं पान उलटतो. हट्टाने आपणच दार बुजवलं, हे तिला मनातून खात होतं. पण आधी बोलायचं कुणी?

एका संध्याकाळी तिच्याकडचा बल्ब गेला. ती नव्या बल्बसाठी कपाट चाचपडत होती, तेवढ्यात पलीकडे बटणाचा आवाज झाला आणि काचेतली सगळी फुलं लालभडक उमलली. निळा उजेड तिच्या हातांवर, साडीवर पडला. थोरली बघतच राहिली.

नवा बल्ब लावताच फुलं पुन्हा काळवंडली, आणि लगेच पलीकडचा दिवाही विझला.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. फुलं उमलतात ती पलीकडच्याच्या दिव्याने. म्हणजे इतके दिवस धाकटी आपला दिवा बंद ठेवून फुलं बघत बसली होती. थोरलीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने काचेवर टकटक केलं.

"अगं, रोज अंधारात बसतेस होय?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग अगदी जवळून आवाज आला, "अंधारात कुठे, ताई? तुमच्या उजेडात बसते."

"मग आता माझी पाळी. तुझा लाव." थोरलीने बटण बंद केलं. "आणि ऐक, त्या चादरीचं माझंच चुकलं."

"मीही काही कमी बोलले नाही," धाकटी म्हणाली आणि दिवा लागला.

नवरा घरी आला तेव्हा बायको अंधारात खुर्ची काचेला भिडवून बसली होती आणि दोन्हीकडून गप्पांना नुसता ऊत आला होता.

"मिटलं वाटतं," तो म्हणाला. "काढून टाकू का मग ती काच?"

"हात लावाल तर खबरदार!" दोन्ही बाजूंनी एकदमच आलं.