इन्साफच्या घरचा मोडेम

मित्रांनो, घराच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेला, आणि बंद पडल्यावरच ज्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, तो मोडेम मी. आता जुना झालो आहे. पांढरा रंग पिवळट पडला आहे, एक अँटेना खिळखिळी झाली आहे, आणि अंगावर ज्या कंपनीचे नाव छापले आहे तिच्याशी माझा काहीही संबंध उरलेला नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तेथे माझ्यासारखे हजारो होते. आम्हा सर्वांच्या पोटात एकाच कंपनीचे नाव भरले गेले. जन्मभर त्याच नावाने दार ठोठावायचे, दुसरे नाव घ्यायचे नाही, असे आम्हाला शिकवले होते. मग मी खोक्यात बसून जहाजाने निघालो आणि नील नदी समुद्राला मिळते तेथल्या इझबत अल-बुर्ज या कोळ्यांच्या गावी इन्साफच्या घरी पोचलो.

इन्साफ जन्मापासून बहिरी. तिला वाचताही येत नाही. तिचे सगळे बोलणे हातांनी. तिचा नवरा समुद्रात बुडाला तेव्हा नातेवाइकांनी ती बातमी तिच्यापासून कित्येक दिवस दडवून ठेवली. बोटीला उशीर होतोय, असे सगळे हातांनी सांगत राहिले. शेवटी खरे काय ते तिला सांत्वनाला येणाऱ्यांसाठी दारात मांडलेल्या खुर्च्यांवरून आणि काळ्या कपड्यांतल्या बायकांवरून कळले. तेव्हापासून इन्साफ कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. जे दिसेल तेवढेच खरे मानते.

मी त्या घरात आलो तेव्हा थोरला मुलगा मुसअद ग्रीसमध्ये मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला होता. गावातले निम्मे तरुण तिकडेच असतात. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्याचा फोन येई. धाकटी राविया फोन चहाच्या डब्याला टेकवून उभा करी आणि मायलेक हातवारे करत बसत. तो जाळे कसे ओढतात ते दाखवी. ती भात आणि तळलेले मासे पडद्यासमोर धरून त्याला जळवी. त्या घरात माझ्यातून आवाज फारसा गेलाच नाही, मित्रांनो. गेले ते हात. माझा हिरवा दिवा लागला की इन्साफ माझ्या डोक्यावर कौतुकाने थाप मारी आणि ओढणीच्या टोकाने मला पुसून काढी. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका हिवाळ्यात वादळ झाले आणि टेलिफोनची तार मेली. कंपनीचे लोक आज येतो, उद्या येतो म्हणत राहिले. रावियाने शेवटी कंटाळून ती सेवाच बंद केली. मला एका जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर टाकले. वर धूळ होती, अंधार होता. शुक्रवार कधी येतो आणि कधी जातो तेही मला कळेनासे झाले. मुसअद आता रावियाच्या मोबाईलवर फोन करी, पण त्या तळमजल्यावरच्या घरात मोबाईलची रेंज जेमतेम. चित्र चौकोनांत फुटायचे. बोलणारा माणूस अडखळला तरी कानांना अंदाज येतो. अर्ध्यात थिजलेल्या हाताचा मात्र काहीच अर्थ लागत नाही.

आणि मग ते चित्रही थांबले. मुसअद फक्त आवाजाने फोन करू लागला. बोटीवर थोडे लागले आहे, इस्पितळात आहे, कॅमेरा बिघडला आहे, असे त्याने रावियाला सांगितले. रावियाने ते आईला हातांनी सांगितले. इन्साफ तिच्या हातांकडे बघत राहिली आणि तिने एवढेच विचारले, "त्याचे हात कुठे आहेत?"

"आई, तो बोलतोय. आत्ता, याच फोनवर. मी ऐकतेय ना."

"तुझे वडीलही उशिरा येणार होते."

रावियाने फोन आईच्या गालाला लावला, छातीला लावला. इन्साफने तो बाजूला सारला. तिने खाणे सोडले. धक्क्यावर जाऊन ती परतणाऱ्या प्रत्येक बोटीवरच्या माणसांना मुसअदचा फोटो दाखवू लागली. कोणाला काही ठाऊक नव्हते. ते मान हलवत, आणि त्या मान हलवण्याचा ती भलताच अर्थ घेई. एका सकाळी ती काळे कपडे घालून दाराशी बसली. शेजारणींनी ते पाहिले आणि त्याही काळे घालून, तिथल्या रिवाजाप्रमाणे साखरेच्या पुड्या घेऊन सांत्वनाला येऊ लागल्या. राविया एकेकीला हात जोडून परत पाठवत होती. माझा भाऊ जिवंत आहे, असे सांगता सांगता तिलाच हुंदका येई, आणि मग तर बायकांची खात्रीच पटे.

इस्पितळात कोणाचा तरी फोन त्याला मागून घेता येईल, पण इकडे चित्र धड दिसायला हवे, म्हणून रावियाने नव्या कंपनीकडे अर्ज केला. तार त्यांनी लगेच जोडून दिली, पण मोडेम शिल्लक नव्हते. आले की कळवू, म्हणाले. त्याच दुपारी तिने मला कपाटावरून खाली ओढले.

किती दिवसांनी अंगात वीज आली! मी धडपडत जागा झालो. तार ओळखीची वाटली, दिवा हिरवा झाला, आणि मी जुन्या सवयीने जुनेच नाव घेऊन दार ठोठावले. दार उघडले नाही. पुन्हा ठोठावले. दुसऱ्या दिव्याचा लाल रंग काही हटेना. राविया माझ्यासमोर जमिनीवर बसून त्या लाल दिव्याकडे बघत होती. मित्रांनो, मला तिला सांगता आले असते तर! दार आता नव्या कंपनीचे आहे आणि मी जुन्या मालकाच्या नावाने हाका मारतो आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

नव्या कंपनीला फोन केला तेव्हा, दुसऱ्यांचा मोडेम आमच्याकडे चालत नाही, असे ठरीव उत्तर मिळाले. रावियाने पुन्हा फोन लावला. या वेळी तिने एवढेच मागितले की आमच्या खात्याचे नाव आणि पासवर्ड द्या, बाकीचे माझे मी बघते. ते मिळाले. माझ्या सेटिंग बदलायच्या आतल्या पानाचा जुना पासवर्ड मात्र कोणाला आठवत नव्हता. तेव्हा तिने केसांतली पिन काढली आणि माझ्या पाठीवरच्या बारीक भोकात खुपसून दाबून धरली. माझे सगळे दिवे विझले. इतक्या वर्षांचे सगळे पुसले गेले. त्या वेळी मला वाटले, संपलो.

मी कोरा होऊन उठलो. तिने नवे नाव लिहिले. लाल. पुन्हा लिहिले. पुन्हा लाल. ती मला उचलून भिंतीवर आपटणार होती. हात वर गेलाही होता. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. मुसअद होता.

तिने रडत रडत त्याला सगळे सांगितले. आईचे काळे कपडे, शेजारणी, हा मेला मोडेम. मग तो म्हणाला, "राविया, तो मोडेम जोडू नकोस."

"म्हणजे?"

"कॅमेरा बिघडलेला नाही. जाळे ओढायच्या यंत्रात माझा उजवा हात गेला. मनगटाच्या वरून कापलाय. मी तिच्याशी बोलू कशाने?"

बाहेर दाराशी इन्साफची काळी पाठ दिसत होती.

"दादा, ती तुझं सुतक धरून बसलीय," राविया म्हणाली. "मी रोज बायकांना दारातून परत लावतेय. तू मेलेला बरा की एका हाताचा, ते तिला ठरवू दे. तू ठरवू नकोस."

तिने फोन ठेवला, डोळे पुसले आणि मला पुन्हा मांडीवर घेतले. या वेळी तिने घाई केली नाही. पान नीट वाचले, तेव्हा दिसले की ती जे नाव लिहीत होती त्याच्या मागे जुन्या कंपनीच्या नावाचे शेपूट आपोआप चिकटत होते. मी कोरा झालो होतो, पण ती खोड माझ्या जन्माची होती. तिने आत आत जाऊन दुसरे पान शोधले, ते शेपूट खोडले आणि नुसते नवे नाव ठेवले.

मी दार ठोठावले. दार उघडले.

इन्साफला तिने हाताला धरून आत आणले आणि मुसअदला फोन लावला. मुसअदने उशीर लावला, पण शेवटी चित्र सुरू केले. माझ्यातून आधी त्याचा चेहरा गेला, वाळलेला, दाढी वाढलेला. मग पट्टी बांधलेला आखूड हात, जो तो चादरीखाली लपवू बघत होता. इन्साफने तो पाहिला. तिच्या घशातून एक आवाज निघाला. तिचा आवाज मी तेव्हा प्रथमच वाहून नेला.

तो डाव्या हाताने बोलू लागला. बोबड्या मुलासारखे, अडखळत, चुकत. बऱ्याच खुणा त्याने अर्ध्याच सोडल्या. शेवटी त्याने विचारले, "येऊ का?" आणि पुढची खूण करायला गेला. घर म्हणायचे तर दोन्ही तळहात छपरासारखे एकमेकांना टेकवावे लागतात. त्याचा एकच तळहात तिरका, हवेत तसाच उभा राहिला.

इन्साफने आपला उजवा तळहात पडद्याला नेऊन टेकवला, त्याच्या हाताला लागून, दुसऱ्या बाजूने तिरका. छप्पर पुरे झाले. मग तिने काळी ओढणी डोक्यावरून काढून टाकली.

मुसअद अजून तिकडेच आहे. परतीचे कागद व्हायचे आहेत. दर शुक्रवारी मी लागतो. इन्साफ आता स्वतःही एकाच हाताने बोलायला शिकते आहे, म्हणजे त्याला एकट्याला अडखळावे लागणार नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुने यंत्र हट्टाने लाल दिवा दाखवू लागले तर त्याला लगेच भंगारात देऊ नका. त्याच्या पोटातले जुने नाव पुसा, नवे नीट लिहा, आणि शेपूट राहिले नाही ना ते बघा. आमच्या अंगावर चादर टाकू नका, आम्हाला गुदमरते. शुक्रवारी दुपारी आमची वायर ओढून कोणी इस्त्री लावू नका. पलीकडे कोणीतरी हात वर करून थांबलेले असते.