पालामोसहून परत आलेली सॅक

मित्रांनो, मी एक जुनी निळी सॅक आहे. पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात माझी शिलाई झाली. मृदुला शिकायला नेदरलँड्सला निघाली, तेव्हा तिने मला घेतलं. नायमेखनला मी तिच्या पाठीवर बसून, सायकलवरून रोज विद्यापीठात जायचे. भर पावसातही मी तिची पुस्तकं भिजू दिली नाहीत. तिच्याच घरात राहणारी मैत्रीण आसावरी माझं फार कौतुक करायची.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, करोनाची साथ ओसरल्यासारखी वाटत असताना, मृदुला चार दिवस स्पेनला गेली. पालामोस हे तिथलं मासेमारीचं बंदर. दुपारी बोटी परतल्या, की त्यांच्यामागे सीगल पक्ष्यांचा थवा यायचा. लालभडक कोळंबीच्या पेट्या लिलावाला निघायच्या. कित्येक महिने खोलीत कोंडलेली मृदुला धक्क्यावर बसून एकटीच हसत होती. मीही सुखावले होते.

स्पेनहून परतल्यावर दहा दिवस घरात वेगळं राहायची सरकारी सूचना होती. पण आसावरी रागावेल म्हणून मृदुलाने तिला नेदरलँड्समधल्याच मास्त्रिख्तला जाते असं सांगितलं होतं.

आम्ही घरी आलो, तेव्हा आसावरीने मला उचललं. "हिला मासळीचा वास कसला गं?"

"अगं, तिथल्या बाजारात फिरले," मृदुला म्हणाली. मग दोघी एकाच टेबलावर वरणभात जेवल्या. माझ्या पुढच्या कप्प्यात विमानाचं तिकीट तसंच होतं.

चार दिवसांनी मृदुलाचा घसा धरला, मग आसावरीला ताप भरला. दोघींची टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्याच आठवड्यात आसावरी पुण्याला निघणार होती. तिचे बाबा अंथरुणाला खिळले होते. विमान तिला न घेताच गेलं. नऊ दिवसांनी बाबा वारले. त्यांचा अंत्यविधी तिने फोनवर पाहिला.

त्या संध्याकाळी मृदुला तिच्यासमोर बसली. "मी मास्त्रिख्तला गेले नव्हते. स्पेनला गेले होते."

आसावरीने हातातला फोन खाली ठेवला. "गेलीस त्याचं काही नाही. आल्यावर नुसतं सांगितलं असतंस, तर मी माझं दार लावून बसले असते."

पुढच्या महिन्यात आसावरी दूर ग्रोनिंगन शहरात राहायला गेली. मृदुलाच्या पत्रांना उत्तर आलं नाही. मृदुलाने मला धुतलं, वाळवलं आणि कपाटावर ठेवून दिलं. त्यानंतर तिने मला पाठीवर घेतलं नाही. याचा मला राग नाही. मला ते बंदर आवडलं होतं, हेच टोचत राहतं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. चेन तुटली, तर नवी बसवून घ्या. पण कुठे जाऊन आलात, हे घरच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. ते काम आम्हाला जमत नाही.