निरंजन चहाची लाल ओळ

शनिवार पेठेतल्या आमच्या चहापत्तीच्या दुकानावर निऑनची पाटी आहे. किटलीतून कपात चहा पडतो, तोही तीन टप्प्यांत. आधी किटली उजळते, मग धार, मग कपावरची वाफ. वडिलांनी अठ्ठ्याहत्तर साली ती करून घेतली तेव्हा माणसं सायकलवरून उतरून बघत उभी राहायची. त्याखाली निळ्या अक्षरांत ‘निरंजन चहा’, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत ‘आमची कोठेही शाखा नाही’. ही शेवटची ओळ वडिलांची नाही. ती माझी, रामदासची. चौऱ्याहत्तर वर्षांत या शहराला माझं काही लक्षात राहिलं असेल तर ती ओळ, आणि मला तिचीच लाज वाटते.

धाकटा भाऊ अभय माझ्याहून आठ वर्षांनी लहान. वडील गेल्यावर आम्ही दोघं दुकान बघायचो. एक्क्याण्णव साली तो म्हणाला, “दादा, लोणी काळभोरला एक दुकान काढू या. सोलापूर रस्त्यावर चांगलं चालेल.”

“वडिलांनी एकच दुकान चालवलं,” मी म्हणालो, “ते काही उपाशी मेले नाहीत.”

शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी मी म्हणालो, अक्कल तेवढीच असेल तर जा आणि विक तिकडे भुकटी. तो खरंच गेला. दोन महिन्यांनी एक चहाचा दलाल नमुने घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, “लोणीत तुमच्या नावाची पाटी बघितली. शाखा काढलीत वाटतं?”

माझं डोकंच फिरलं. भाऊ गेला तर गेला, वर नावही घेऊन गेला! माझी बायको शैला म्हणाली, “अहो, एकदा जाऊन बघून तरी या, काय लिहिलंय त्यांनी.” वीस किलोमीटरही नसेल लोणी. मी गेलो नाही. मी अमीनभाईंकडे गेलो.

अमीनभाई रास्ता पेठेत निऑनच्या नळ्या वळवायचे. ज्योतीवर काच मऊ करायची आणि तोंडातल्या रबरी नळीने हळूच फुंकत राहायचं, नाहीतर वळणावर काच चपटी होते. वडिलांची किटली त्यांच्याच हातची. त्यांनी माझं वाक्य ऐकलं आणि तोंडातली नळी काढली.

“रामदासशेठ, हे रंगाने लिहून घ्या. रंग पुसता येतो. काच फोडावी लागते.”

“फोडायची कशाला?” मी म्हणालो.

ओळ लागली आणि पेठेत गाजली. पुणेकराला दुसऱ्याला झोंबणारं वाक्य फुकटात वाचायला मिळालं की त्याच्या चहात वेगळी साखर लागत नाही. एका दैनिकात फोटो छापून आला. मी तो फ्रेम करून गल्ल्यामागे लावला. त्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, अभय फराळाचा डबा घेऊन आला. समोरच्या पानाच्या टपरीपाशी थांबला. वर बघितलं. पाटी तेव्हा चांगली पेटलेली होती. तो डबा पानवाल्याकडे ठेवून निघून गेला. मी हे सगळं काउंटरवरून बघत होतो. चार ढांगांचा रस्ता होता. मी एका गिऱ्हाइकाला पाव किलोची पुडी बांधत राहिलो.

त्यानंतर आम्ही लग्नाकार्यात भेटायचो, तोही एकटाच यायचा. कसा आहेस, बरा आहे, एवढंच. आई गेली तेव्हा तो अंत्यविधीला आला, दहाव्याला आला, तेराव्याला आला. दुकानावरून मात्र एकदाही आला नाही.

दहा वर्षांपूर्वी पाटीचा ट्रान्सफॉर्मर जळला. मी दुरुस्त केला नाही. अमीनभाई थकले होते, सगळीकडे एलईडी आले होते, अशी कारणं मी लोकांना सांगायचो. खरं कारण असं की ती ओळ विझली म्हणून मला बरं वाटलं होतं. आपण होऊन काढायला मात्र हात धजावत नव्हता. काढली असती तर पेठेने विचारलं असतं, का हो काढली?

मग यंदा चैताली आली. आर्किटेक्चर शिकणारी पोरगी, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहते आणि शहरातल्या जुन्या निऑनच्या पाट्या हुडकत स्कूटरवर फिरते. म्हणाली, “काका, अशी तीन टप्प्यांची पाटी पुण्यात मी दुसरी पाहिली नाही. आपण ती परत पेटवू या ना.” तिने अमीनभाईंना शोधून काढलं, त्यांना दुकानात आणलं, आणि ते शहात्तर वर्षांचे अमीनभाई नळ्या बघून लहान मुलासारखे खूश झाले.

मी मनाशी ठरवलं. किटली पेटवायची आणि ओळ झाकायची. मग अभयला फोन करून म्हणायचं, ये, वडिलांची किटली परत लागतेय. अमीनभाईंना मी बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. “काळा रंग मारतो. काच राहील, अक्षरं दिसणार नाहीत. अर्ध्या तासाचं काम.” तेहेतीस वर्षांपूर्वी काय म्हणालो होतो याची आठवण त्यांनी करून दिली नाही. भला माणूस.

मंगळवारी दुपारी नळ्या काउंटरवर वर्तमानपत्रावर मांडल्या होत्या आणि अमीनभाईंनी रंगाचा डबा उघडला होता. तेवढ्यात चैताली आली.

“काका, हे काय करताय? ती लाइनच तर आयकॉनिक आहे! लोक तीच बघायला येणार आहेत. मी सगळ्यांना सांगितलंय.”

मी अमीनभाईंकडे बघितलं. ते हातात ब्रश धरून माझ्याकडे बघत होते.

“राहू दे मग आजचा दिवस,” मी म्हणालो. “उद्या झाकू.”

अमीनभाईंनी डब्याचं झाकण लावलं. “पाटी तुमची,” ते म्हणाले.

संध्याकाळी सातला फुटपाथ भरून गेला. किटली उजळली, धार पडली, वाफ चढली आणि खाली ती लाल ओळ लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. दहा वर्षांत कोणी माझ्या दुकानाकडे मान वर करून बघितलं नव्हतं. चैतालीने मोबाइल समोर धरला. “काका, खरंच कुठे शाखा नाही? मॅपवर तर लोणी काळभोरला एक निरंजन चहा दाखवतात.”

समोर चाळीस-पन्नास माणसं उभी होती, आणि माझी जीभ माझ्या आधी बोलली.

“असेल,” मी म्हणालो. “पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्याही उगवतात.”

असा हशा पिकला की पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. मीही हसलो.

चैतालीने त्याची रील टाकली आणि दुसऱ्या दिवशी ती लाखभर लोकांनी बघितली. शैलाने आपल्या मोबाइलवर ती दोनदा लावली. “छान बोललात,” म्हणाली. “अभयभावजींनीही बघितलं असेल.” आणि कणीक मळायला आत गेली. दुपारी अमीनभाई रंगाचा डबा घेऊन आले. मी त्यांना परत पाठवलं. म्हटलं, अभयचा फोन येईल, तो भांडेल, मी ऐकून घेईन, मग त्याच्यादेखतच काढू. तीन दिवस मी फोन उशाशी घेऊन वावरलो. तो भांडला असता तर किती बरं झालं असतं. फोन आला नाही. शनिवारी सकाळी मी लोणीची बस पकडली.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. हमरस्त्याला लागूनच होतं, माझ्यापेक्षा मोठं. वरची जागा मोकळी होती आणि एक जुना पत्र्याचा बोर्ड नुकताच उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मी चष्मा पुसून वाचला.

‘निरंजन चहा. स्थापना १९५१. मुख्य दुकान : शनिवार पेठ, पुणे. पुण्याला गेलात तर तिथूनच घ्या.’

रंगाचे थर चढून चढून शेवटच्या दोन ओळी जाड झाल्या होत्या. वरचं नाव फिकटलेलं होतं, पण या ओळी कोणीतरी दर दोन-चार वर्षांनी नव्याने गिरवत आलेलं होतं. मी तिथेच भिंतीला हात लावून उभा राहिलो. तेहेतीस वर्षं हा माणूस रस्त्यावरच्या प्रत्येकाला माझ्याकडे पाठवत होता, आणि मला ते वाचायला एक बस पकडवली नाही.

“मोठे काका ना तुम्ही?” एक तिशीचा माणूस बाहेर आला. “मी सार्थक. रीलमधी बघितलं तुमाला. बाबा आत हायेत.”

माझ्या पुतण्याने मला रीलवरून ओळखलं. मला तर तो रस्त्यात दिसला असता तरी ओळखू आला नसता.

अभय आतून आला. केस सगळे पांढरे झाले होते, चालताना एक पाय ओढत होता. त्याने मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. मी चहा तोंडाला लावला. ही वडिलांची चव होती. माझ्या दुकानातली मी केव्हाच स्वस्त पानं मिसळून बदलून टाकली आहे.

“अभय,” मी म्हणालो, “माझं चुकलं.”

“कधी?” त्याने विचारलं. “एक्क्याण्णवला की मंगळवारी?”

मी कप खाली ठेवला.

“एक्क्याण्णवचं मी कधी धरलं नाही, दादा. तेव्हा तू चिडला होतास. चिडलेल्या माणसाचं काय धरायचं? म्हटलं, निवळेल.” तो कपाकडे बघत होता. “मंगळवारी तू हसत होतास.”

“मी ती ओळ काढतो. आजच काढतो.”

“काढ की. पाटी तुझी आहे.”

“आणि हा बोर्ड?” मी भिंतीकडे हात केला. “हा परत लाव, अभय.”

“सार्थक दोन वर्षं मागे लागला होता नवीन करू म्हणून. मीच थांबवलं होतं. बुधवारी म्हटलं, दे टाकून ऑर्डर.” तो उठला. “छापून आलाय आता.”

बाहेर सार्थकने नवीन बोर्डावरचं प्लास्टिक फाडलं. निळा, चकचकीत, आतून दिवे असलेला बोर्ड होता. ‘निरंजन चहा, लोणी काळभोर. स्थापना १९९१.’ बाकी काही नाही. तो एका माणसाच्या मदतीने बोर्ड घेऊन शिडीवर चढला आणि वरून ओरडला, “काका, जरा शिडी धरता का?”

मी जाऊन शिडी धरली. वर ड्रिल चालू झालं, चुन्याची भुकटी माझ्या डोक्यावर पडत होती. अभय रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. बोर्ड टेकवल्यावर त्याने मला हाक मारली.

“दादा, सरळ लागलाय का बघ. पाट्यांतलं तुला कळतं.”

मी शिडी सोडली, चार पावलं मागे गेलो आणि मान वर केली.

“उजवीकडे थोडा खाली आहे,” मी म्हणालो. सार्थकने तो उचलून धरला आणि स्क्रू आवळला.