खोकल्याची जागा

जुन्या ध्वनिफिती साफ करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरखर असो, पंख्याची घरघर असो, तो हात धुऊन मागे लागायचा आणि आतलं गाणं बाहेर काढायचा. फक्त स्वतःच्या आईची कॅसेट त्यानं वीस वर्षं कपाटातून काढली नव्हती.

आई अशी गायची की ऐकणारा पापणी लववायला विसरे. पण तिचं एकच गाणं मागे उरलं होतं, आणि तेही बाबांनी घरात, स्वस्तातल्या रेकॉर्डरवर, तिच्या शेजारी बसून घेतलेलं. त्यामुळे कॅसेटमध्ये आई कमी आणि बाबाच जास्त. त्यांची खुर्ची करकरते, चप्पल फरशीवर घासते, आणि आई सगळ्यांत वरच्या सुराला हात घालणार, नेमके तेव्हाच ते खोकतात. बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या खोकल्याबद्दल त्यानं त्यांना ते गेल्यावरही माफ केलं नव्हतं.

आता मात्र कॅसेट काढावी लागली. ताईचा उजवा कान गेला होता आणि डावाही जायच्या वाटेवर होता. तो आहे तोवर तिला आई एकदा ऐकायची होती. काम सांगताना तिनं एवढंच बजावलं, "फार घासू नकोस हां. आहे तशी चालेल मला."

कॅसेट एकदाच वाजली. टेपवरची तपकिरी भुकटी यंत्रात गळून पडली आणि फीत कोरी झाली. आवाज तेवढा संगणकात उतरला. त्याची कामाची रीत ठरलेली होती. जे काढून टाकायचं, ते एका वेगळ्या फाइलमध्ये साठवायचं, तिला तो 'केर' म्हणे. गाणं आणि केर परत जोडले की मूळ आवाज जसाच्या तसा उभा राहतो, म्हणून तिसरी प्रत तो ठेवतच नसे. ऐकणाऱ्यानं पसंती दिल्याशिवाय केर टाकायचा नाही, हा त्याचाच नियम. चार दिवस खपून त्यानं पंखा काढला, खुर्ची काढली, चप्पल काढली. शेवटी खोकला काढला तेव्हा त्याला इतका आनंद झाला की केरही त्यानं त्याच झटक्यात पुसून टाकला. बाबांचा काटा काढल्यासारखं वाटलं, हे खरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाणं लावलं. काच पुसल्यासारखा आईचा आवाज. वरचा सूर जवळ आला आणि आई थांबली.

त्यानं पुन्हा लावलं. काही कापलं गेलं नव्हतं, वेळ तंतोतंत तेवढीच होती. खोकला जिथं होता तिथं आई गप्प व्हायची आणि नुसती श्वास घेत राहायची, गाणं संपायची वेळ होईपर्यंत. कुणाची तरी चाहूल घ्यावी तशी.

तेव्हा कुठे त्याला कळलं, की त्या खोकल्याच्या भरवशावर ती वर चढत होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण केर तर गेला होता, आणि ताई दुपारी यायची होती.

त्याचा खोकला थेट बाबांसारखा आहे, असं सगळेच म्हणत. त्यानं मायक्रोफोन समोर ओढला, खोकला, आणि तो खोकला बरोब्बर त्या जागी बसवला. तपासून बघायचा धीर मात्र झाला नाही.

ताई आली. डावा कान स्पीकरला लावून, डोळे मिटून बसली. आई गाऊ लागली. ताईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो खुर्चीच्या कडेला टेकून सेकंद मोजत होता. खोकला आला.

आई थांबली. मग अगदी जवळून, बोलायच्या आवाजात म्हणाली, "तू का रे खोकतोयस? हे कुठे गेले?"

ताईनं डोळे उघडले. तिचा चेहरा उजळला होता.

"आई बोलली ना रे मधेच? मला नीट कळलं नाही. काय म्हणाली?"

स्पीकरमधून संथ श्वास येत होता. दोघीही त्याच्या उत्तराची वाट पाहत होत्या.