खंडेनवमीला उजळलेलं घड्याळ

मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं, परदेशी आणि चांगलं जाडजूड. मला चावी द्यावी लागत नाही. घालणाऱ्याचा हात हलला की मी चालतो. मित्रांनो, सध्या मी खराडीतल्या एका फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात बंद पडून आहे. दुखत वगैरे काही नाही.

समुद्रासाठी जन्मलो आणि येऊन पडलो पुण्यात! बोटीवर नोकरी करणारे एक साहेब मला घालून सुट्टीवर आले होते. त्याच सुट्टीत त्यांचा भाऊ नदीत बुडाला. खराडी तेव्हा खेडं होतं, आणि बुडालेल्याला वर काढायला गावातल्या दत्तोबांना बोलावत. दत्तोबांनी भावाला वर आणलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. साहेबांनी मला काढून त्यांच्या मनगटावर बांधलं आणि मागे न बघता निघून गेले.

मग मी कामाला लागलो. बुडी मारण्याआधी दत्तोबा माझ्या तबकडीभोवतीचं फिरतं कडं काट्याशी जुळवत, म्हणजे पाण्याखाली किती वेळ गेला ते कळे. गाळ, शेवाळ, गार पडलेले हात. काठावर रडारड चाले, तेव्हा घड्याळाकडे कोण बघणार? पुढेपुढे मलाही काही वाटेनासं झालं.

शेतं गेली, आयटीच्या इमारती उठल्या, दत्तोबा थकले. त्यांच्या मुलाला, संभाजीला, मोबाईलवर कळलं की माझ्यासारख्या घड्याळांवर शौकीन लोक जीव टाकतात. सदाशिव पेठेतले श्यामसुंदर नावाचे एक संग्राहक मला बघायला येणार असं ठरलं.

"मला न्हाय द्यायचं," दत्तोबा म्हणाले.

"आबा, नुसतं बघू तर द्या त्यांना. तिथं मखमलीत राहील ते."

खंडेनवमीचा दिवस होता. त्या घरात विळे, कुऱ्हाडी, पहार घासून लख्ख करून पूजेला मांडत, आणि दरवर्षी मीही त्या ओळीत असे. यंदा पाहुणे येणार म्हणून संभाजीने पूजेसाठी घासतो म्हणून मला आबांकडून आधीच घेतलं, गुपचूप दुकानात नेलं, पॉलिश करवून घेतलं, पिवळी पडलेली तबकडी काढून नवी बसवली. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

श्यामसुंदरांनी मला पूजेतून उचललं, झेंडूची पाकळी झटकली आणि भिंग लावलं. "वा! अगदी नवीन दिसतंय. अहो, नवीनच घ्यायचं असतं तर दुकानात गेलो असतो. पिवळी तबकडी आणि ओरखडे, तेच तर बघायला आलो होतो." चहा न घेताच ते गेले.

संभाजी ओशाळला. "घ्या आबा, तुमचं तुमच्यापाशीच राहिलं," म्हणत त्याने मला दत्तोबांच्या हातावर बांधलं. तेव्हा मला आनंद झाला, खरंच झाला. दत्तोबांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. एकदा बंधाऱ्याच्या दगडांत अडकलेली एक मुलगी त्यांनी वर आणली होती, आणि इतक्या वर्षांत जिवंत हाती लागलेली ती एकटीच. त्या दगडाने माझ्या कडेला पडलेली खाच ते रोज अशीच चाचपत. आता तिथे सगळं गुळगुळीत होतं.

"हे माझं न्हाय," ते म्हणाले. मला काढून त्यांनी संभाजीच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू उजळायला नेण्याआधी ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा. संभाजीला लांब जावं लागलं नसतं. आबा पलीकडच्याच खोलीत बसलेले होते.